एका नावाची दोन कार्डं

बोदवडच्या एका कॉलेजात दिपमाला संगणकांची लॅब सांभाळायची. संगणक जुने, त्यांवर लिनक्स, आणि नेट घ्यायला यूएसबीत खोचायची बोटभर वायफाय कार्डं. ही कार्डं चालवायला लागणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटासा प्रोग्राम, कंपनीने एकदाच दिला आणि हात झटकले. पुढे लिनक्स बदललं, कार्डं बंद पडली. दिपमालाने चिवटपणे ड्रायव्हर दुरुस्त केला आणि कुणालाही फुकट घेता यावा म्हणून नेटवर टाकला.

तिथून तो तिच्या मानगुटीवरच बसला. लिनक्सची नवी आवृत्ती आली की ड्रायव्हर मोडायचा, आणि कुठल्या कुठल्या देशांतून तक्रारी सुरू. धाकट्या भावाच्या हळदीत, पिवळ्या हातांनीच तिने फोन उघडला. कुणीतरी लिहिलं होतं, ‘जमत नाही तर टाकलाच कशाला?’

“कोन व्हता वं?” आईने, सुनंदाबाईंनी विचारलं.

“ओळखीचं नाही कोणी.”

“मंग तोंड कामून उतरलं तुझं?”

दिपमालाने फोन पालथा ठेवला आणि हळदीची वाटी उचलली.

या वेळी सगळ्यांची तक्रार एकच होती: कार्ड नेटला जोडलं जातं आणि लगेच तुटतं. तिच्याकडचं त्याच नावाचं कार्ड मात्र सुरळीत चालायचं. कॉलेजातून आल्यावर रोज खांदा आखडेपर्यंत ती कोड चाळायची. चूक सापडेना. तक्रार करणाऱ्यांत धुळ्याचा हितेंद्र होता, संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा. “तुमचं कार्ड पाठवा,” असं तिने कळवलं, तर रविवारी तो स्वतःच कार्ड घेऊन दारात उभा.

चहा होईपर्यंत तिने ब्लेडने दोन्ही कार्डं उकलली. वरचं नाव एकच, खोकं एकच, पण आतली चिप निराळी. कंपनीने गुपचूप बदलली होती.

“म्हणजे मी इतके दिवस नसलेली चूक शोधत होते,” ती म्हणाली. तिला रागही आला नाही. तिने ब्लेड बाजूला ठेवलं.

“आते काय करानं, ताई?”

“या चिपला वेगळा ड्रायव्हर लागेल. मी नाही लिहिणार. थकले मी, भाऊ.”

हितेंद्रने कप खाली ठेवला. “माले शिकाडा. जमनं तं मी लिखसू.”

शिकवायचंही तिच्या जिवावर आलं होतं. तरी एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नाही म्हणवेना. संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत ती त्याला कोड दाखवत राहिली.

पुढे काही महिन्यांनी हितेंद्रचा ड्रायव्हर चालू लागला, अडखळत, पण चालू लागला. दिपमालाने आपल्या पानावर लिहिलं की इथला ड्रायव्हर फक्त जुन्या चिपसाठी आहे, नव्या चिपचं हितेंद्रला विचारा. तक्रारी अजूनही येतात. त्यातल्या बऱ्याच आता धुळ्याला जातात. उरलेल्या ती सवडीने वाचते, आणि कधी कधी वाचतही नाही.