थोरलीचा वाटा

आमच्या घरात वाटणीची एक रीत होती. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तरुणपणी भावाबरोबर मेंढरं अशीच वाटून घेतली होती. मेंढरं गेली, शेती आली, पण रीत राहिली. माझ्या वडिलांची आणि काकांची जमीन वाटली तीही तशीच. काका धाकटे, त्यांनी कासुर्डीची विहिरीची जमीन उचलली, आम्हाला शिरूरजवळची राहिली. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं, माझ्यावर पाळी येईपर्यंत.

काकांची मुलगी आणि मी एकाच वर्षी दहावी झालो. ती माझ्याहून काही महिन्यांनी लहान. मार्क जवळपास सारखे. तिला थोडे जास्त होते असं काकू सांगते, पण काकूचं सांगणं तसंच असतं. सुट्टीत आम्ही सगळे कासुर्डीला जमलो होतो आणि पोरींनी पुढं काय घ्यायचं यावर चर्चा चालली होती.

आबा म्हणाले, "एका घरात दोन डॉक्टर करून काय करायचं? एकीनं डॉक्टरकी शिकावी, एकीनं हिशोबाचं शिकावं. वाटे पाडा."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी घोंगडी अंथरली आणि मला म्हणाले, "तू थोरली. पाड."

मी अंगणातून दोन खडे आणले. पांढरा म्हणजे सायन्स, काळा म्हणजे कॉमर्स, असं सांगून ठेवले. काळ्या घोंगडीवर पांढरा खडा उठून दिसत होता आणि मी त्याच्याकडेच बघत बसले. चुलत बहिणीनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पांढरा उचलला. मला काय व्हायचंय हे तोवर माझं मलाच माहीत नव्हतं. तिनं उचललं आणि कळलं.

ती दौंडला सायन्सला गेली, पुढे सोलापूरला मेडिकलला. मी शिरूरला कॉमर्सला. सुट्टीत ती कासुर्डीला घरी यायची, मीही तिथं जायची. तिचा पांढरा अ‍ॅप्रन धुऊन अंगणातल्या तारेवर, रस्त्याकडच्या बाजूला, वाळत घातला जाई. घरामागेही तार होती, तिथं ऊनही जास्त होतं. बायका गुडघे दाखवायला यायच्या. ती बिचारी दुसऱ्या वर्षाला, तिला गुडघ्यातलं काय कळत असणार, पण ती दाबून बघायची आणि बायका खूश होऊन जायच्या. जाता जाता एखादी मला विचारायची, "आन् तू काय करतीस गं?" मी सांगायची, बीकॉम. "असू दे, असू दे," असं म्हणून ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. तो हात झटकून टाकावा असं मला दर वेळी वाटायचं.

बीकॉम झाल्यावर कारेगावजवळच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागले. हजेरी, रजा, ओव्हरटाइम. फर्स्ट एडची पेटी माझ्याच टेबलाखाली असायची, कारण बाकी कुणाला ती नको होती. एकदा बिहारकडच्या एका कामगाराची बोटं प्रेसमध्ये सापडली. मी हाताला पट्टी गुंडाळली, हात वर धरून ठेवला आणि जीपमधून त्याला शिरूरला दवाखान्यात नेलं. वाटेत तो सारखं विचारत होता, "दीदी, उंगली बचेगी ना?" मी बचेगी म्हणत होते, मला काय माहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला आत घेतलं, मला म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा," आणि पडदा ओढला.

मी बाहेर थांबले. पडद्याखालून चपला दिसत होत्या. आत काय चाललंय ते त्या चपलांना माहीत होतं, मला नव्हतं. मला डॉक्टरांचा हेवा वाटला, नर्सचा वाटला, खरं सांगायचं तर आतल्या बादलीचाही वाटला. त्या पडद्याच्या आत जायचं, एवढंच मला हवं होतं. घरी येऊन मी सांगितलं की नोकरी सोडून पुन्हा अकरावीला बसणार, सायन्सला.

आईनं कपाळाला हात लावला, कारण माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आबा तेव्हा आमच्याकडेच राहायला होते. ते म्हणाले, "वाटप झालंय. झालेला वाटा परत मागत न्हाईत."

"मी तिचा वाटा मागत न्हाई, आबा," मी म्हणाले. "नवा माळ फोडतीय."

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं नवीन मॅडम आल्या. मी जाऊन मागच्या बाकावर बसले, तेव्हा ती हळूहळू खाली बसली. पुढची दोन वर्षं माझा जीव त्या पोरांवर जळला. त्यांनी एकदा ऐकलं की डोक्यात बसायचं. फिजिक्सचा तास सुटला की ती क्रिकेट खेळायला पळायची आणि मी तिथंच बसून तेच गणित पुन्हा सोडवायची. मिसरूड न फुटलेला एक मुलगा मला केमिस्ट्री समजावून सांगायचा आणि वर म्हणायचा, "सोप्पं हाय, ताई." त्याला सोपं होतं म्हणूनच राग यायचा.

बारावीच्या वर्षात आबांचा खोकला हटेना. मी त्यांना दौंडला घेऊन गेले. चुलत बहीण तोवर डॉक्टर झाली होती, डॉक्टरशीच लग्न झालं होतं आणि नवऱ्यानं दौंडला दवाखाना काढला होता. दारावरच्या पाटीवर दोघांची नावं होती. आत गेलो तर ती बाहेरच्या काउंटरवर बसून केसपेपर काढत होती. स्टेथोस्कोप ड्रॉवरमध्ये पडला होता, रबरबँडच्या डब्याशेजारी.

"आबा, तुमचं वय काय लिहू?" तिनं विचारलं.

आबा आत तपासायला गेले. मी तिला विचारलं, "तू का बघत नाहीस पेशंट?"

"दोघंबी आत बसल्यावर इथं कोण बसणार? सासूबाई म्हंत्यात, बाहेर घरचं माणूस पाहिजे."

माझं डोकंच फिरलं. तिच्या सासूवर नाही, तिच्यावर. विहिरीची जमीन उचलायची आणि वर तिच्यात गवत माजू द्यायचं. मी रात्रंदिवस ज्या पडद्यासाठी झुरत होते, त्या पडद्याच्या दाराशी बसून ही वयं लिहीत होती.

"पडीकच ठेवायचं होतं तर उचललंस कशाला?" मी म्हणाले.

ती बराच वेळ केसपेपर सरळ करत राहिली. "मला कुठं कळत होतं ताई, सायन्स काय आन् कॉमर्स काय. आबा सांगायचे ना, थोरला कुठल्या मेंढराकडं बघतोय तेवढं बघायचं. तू पांढऱ्याकडं बघत होतीस."

परतताना बसमध्ये आबा खिडकीला डोकं टेकवून झोपले होते. मला त्यांचाही राग आला आणि माझ्या डोळ्यांचाही. तिला नको असलेली गोष्ट तिनं मला हवी म्हणून घेतली होती, आणि ती गोष्ट तिला मिळाली म्हणून मला हवी झाली होती. पण आता मला ती खरोखरच हवी होती, आणि माझ्याकडे ती नव्हती.

पुढे परीक्षा झाल्या, यादी लागली आणि मला मेडिकलला प्रवेश मिळाला. शेवटून मोजलेलं बरं अशा नंबरावर, पण मिळाला. मी निघायच्या आदल्या दिवशी चुलत बहीण दौंडहून आली. तिच्याजवळ माणसाच्या हाडांची पेटी होती, तिच्या कॉलेजातल्या अभ्यासाची, आणि तो स्टेथोस्कोप.

"आबा, घोंगडी अंथरा," ती म्हणाली. "डॉक्टरकीत आता मी थोरली, ही धाकटी. मी वाटे पाडते, ही उचलेल."

तिनं एका बाजूला पेटी ठेवली, एका बाजूला स्टेथोस्कोप. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती स्टेथोस्कोपकडे बघत होती, डोळे हलवत नव्हती. एकदा वाटलं, सोडावा. मग तारेवरचा अ‍ॅप्रन आठवला, आणि मी स्टेथोस्कोप उचलला.

तिनं पेटी उचलून पुन्हा पिशवीत घातली आणि चहा न घेता दौंडच्या बसला गेली.

पहिल्या वर्षाला हाडं लागतात, स्टेथोस्कोप लागत नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. वर्षभर मी रूममेटची हाडं मागून अभ्यास केला. स्टेथोस्कोप ट्रंकेत कपड्यांखाली पडीक होता.