हवेवर जगणारं झाड

ओल्या टॉवेलला एक वास असतो. नव्या, एकदाही न धुतलेल्या टॉवेलला पहिलं पाणी लागलं की त्यातली खळ जागी होते आणि शिळ्या पेजेसारखा, किंचित आंबूस, तरीही घरगुती वाटणारा दरवळ सुटतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात देखरेख करण्यात माझं निम्म्याहून अधिक आयुष्य गेलं, त्यामुळे हा वास मला नेहमी काम सुरळीत चालल्याची खूण वाटत आला. यंदाच्या चैत्रात तो आमच्या कुंभारी गावातल्या घराच्या पुढच्या खोलीत राहायला आला, आणि तेव्हापासून मला तो सहन होत नाही.

त्या खोलीत माझी पत्नी मंगल असते. लग्नानंतर बरीच वर्षं तिनं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. फिरत्या चातीवर बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं सूत गुंडाळत बसायचं, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत त्या सुताची धूळ चाळलेल्या पिठासारखी संथ तरंगत राहायची. ती धूळ दिसायला सुंदर असे, हे मी नाकारत नाही. आता मंगलची फुप्फुसं आकसत चालली आहेत. ती धुळीनंच आकसली का, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत, म्हणून मीही सांगत नाही. गेलेला भाग परत येत नाही, एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र असतं, त्याच्या बाटलीतल्या पाण्यात दिवसभर बुडबुडे उठतात, आणि त्या अखंड बुडबुड्यांच्या आवाजात आम्ही बोलतो, जेवतो, गप्प बसतो.

गेल्या दिवाळीला आमची मुलगी प्रज्ञा मंगळुरूहून आली, ती मांडीवर एक कुंडी सांभाळत. कुंडीत ऑर्किड होतं. रुंद, मांसल, गडद हिरवी पानं, त्यांच्यामधून निघालेला वेतासारखा वाकलेला दांडा आणि त्या दांड्यावर ओळीनं बसलेली, पंख पसरून थबकल्यासारखी जांभळट पांढरी फुलं. त्याला सुवास नव्हता. कुंडीत मातीही नव्हती. झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा आणि नारळाच्या शेंड्या, एवढाच ऐवज. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो, माती नसलेली कुंडी मला अपुरी वाटली. प्रज्ञानं सांगितलं की रानात हे मोठ्या झाडांच्या खोडाला धरून राहतं, मुळं उघडी सोडतं आणि हवेतली ओल पिऊन जगतं.

मंगलनं नाकातली नळी सारखी केली आणि म्हणाली, "हवेवर जगतंय म्हणं. इचारा की त्याला, कसं जमतंय ते. मला तर न्हाय जमत."

प्रज्ञा हसली, मग तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

त्या झाडानं मंगलला एक काम दिलं, आणि हे मला लवकर कळलं नाही. चूल, केर, धुणं, भाजी निवडणं, एकेक करून तिच्या हातून सुटत गेलं होतं. शेवटी तर केस विंचरतानाही हात वर धरला की दम लागे. पण पलंगाशेजारच्या तिवईवर ठेवलेल्या कुंडीत वाटीभर पाणी घालणं तिला जमत होतं. आमच्या बोअरचं पाणी क्षारांचं. घागरीला पांढरा थर धरतो, तर मुळांचं काय होईल म्हणून पिण्याच्या जारमधलं पाणी ती वाटीत काढून आधी त्याचा गारठा जाऊ देई. मुळं चंदेरी दिसली की तहान लागली समजायचं, हिरवी दिसली की हात आवरायचा, हे प्रज्ञानं एकदाच सांगितलं आणि तिनं ते कायमचं उचललं. सकाळी यंत्राची नळी पुरेल तेवढी कूस बदलून ती मुळांकडे निरखून पाही, आणि त्या पाहण्यात कांडी भरताना तुटलेली तार शोधणारी तिची जुनी नजर मला दिसे. घरात कुणी आलं की ती झाडाबद्दल बोले, दुखण्याबद्दल बोलत नसे.

फुलं संक्रांतीपर्यंत टिकली. मग एकेक करून पातळ कागदासारखी झाली आणि गळली. दांडा वाळला. नवशिक्यानं इथं घाबरायचं नसतं, असं प्रज्ञा फोनवर म्हणाली. झाड झोपतं, पुन्हा फुलतं. आम्ही घाबरलो नाही. पण माघ सरला, सोलापूरच्या आकाशातला निळा रंग उडून राखी झाला, कडुलिंबाची पानं झडून वाऱ्याबरोबर अंगणात घरंगळू लागली, आणि ऑर्किडच्या पानांवर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या. माझ्याकडे हवेतली ओल मोजणारा, कारखान्यातून आणलेला जुना मापक होता, पाऱ्याच्या दोन नळ्यांचा, एकीच्या बुडाला ओली वात. तो भिंतीला टांगला आणि दोन्ही पाऱ्यांतलं अंतर वाचलं. खोलीतली ओल वीस टक्क्यांच्या आसपास होती. ज्या हवेतून ते झाड आलं, तिथं ती याच्या चौपट असणार.

मला आकडे कळतात, आणि कळलेल्या आकड्याला उत्तर शोधल्याशिवाय मला बसवत नाही. मागाच्या खात्यात उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्याची तार पटापट तुटते. त्यावर आमचा इलाज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, फरशीवर पाणी मारायचं, ओली गोणपाटं टांगायची आणि ती ओल बाहेर जाऊ द्यायची नाही. खातं दमट झालं की सूत मऊ होतं, माग बिनतक्रार चालतो. मी तेच केलं. पुढच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, दोरी बांधून तिच्यावर कारखान्यातले दुय्यम प्रतीचे टॉवेल भिजवून टांगले, खाली परातींत पाणी ठेवलं. पाऱ्यांतलं अंतर कमी होऊ लागलं. ओल तीसच्या वर गेली, चाळीसच्या वर, पंचावन्नला. झाडाची पानं पुन्हा ताठ झाली. मुळांची टोकं कोवळी, ओल्या हिरव्या मण्यांसारखी चमकू लागली, आणि एका सकाळी दोन पानांच्या बेचक्यात मंगलला एक बारीक टोक दिसलं. दांडाच असावा, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

शेजारच्या लक्ष्मीअक्का डबा घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या. त्यांचं घर विणकरांचं, घरात तेलुगू बोलणारं, आणि त्यांची जीभ फार सरळ. "काय ओ भाऊ, हे घर हाय का सायझिंग खातं? वयनीला पण खळ लावून वाळत घालताय काय?"

मंगल हसली. हसता हसता खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

तो खोकला त्या दिवसापासूनचा नव्हता. मी तो आधी ऐकलेला होता, पण मापक पाहत होतो. बोटाला लावायचं छोटं यंत्र रक्तातल्या प्राणवायूचा आकडा दाखवतं. तो मंगलचा नव्वदच्या वर असायचा, अलीकडे नव्वदच्या खाली उतरून पुन्हा वर यायला कुरकुर करत होता. दोन आकडे एकाच खोलीत, एक भिंतीवर आणि एक बोटावर; भिंतीवरचा चढत गेला तसा बोटावरचा उतरत गेला. हे मी दोन वेगळ्या गोष्टी म्हणून वाचत होतो. सूत आणि माणूस यांना वेगळी हवा लागते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच दमट खात्यात माझा शर्ट पाठीला चिकटायचा आणि छाती जड व्हायची, तरी तेव्हा तार तुटत नसे म्हणून आम्ही खूश असायचो.

पलंगामागच्या भिंतीवर काळपट ठिपके उठले होते. चुना खरवडला तर खाली कुबट बुरशी. आणि त्याच आठवड्यात ऑर्किडच्या मध्यभागी, जिथून नवं पान यायचं तिथे, पाण्याचा एक थेंब साचून राहिलेला दिसला. त्याच्याभोवतीचा गाभा तपकिरी, बोट लावलं तर पिचपिचीत. ज्याला आम्ही दांडा म्हणालो होतो ते टोकही त्यातच विरघळलं होतं. प्रज्ञाला फोटो पाठवला. तिनं आधी फोटोतली भिंत पाहिली आणि लगेच फोन केला. "पप्पा, खिडक्या उघडा. आत्ता. झाडाला दमट हवा लागते, पण वाहती लागते. कोंडलेली नाही." मग ती म्हणाली, "आणि आईला तर मुळीच नाही."

खिडक्या उघडल्या. भर दुपारची वेळ होती. बाहेरचा झोत भट्टीच्या तोंडासारखा आत आला, धुळीचा, करपलेल्या गवताचा, दूरच्या डांबराचा वास घेऊन. टॉवेल दोरीवर बघता बघता कडक झाले. मी ते काढून घडी घालत होतो आणि मंगल माझ्याकडे पाहत होती.

"राहू द्या की दोन," ती म्हणाली. "झाड मरंल."

"तुला त्रास होतोय."

"मला हितनं पुढं होणारच हाय की वो. त्याला कशाला?"

मी उरलेले टॉवेलही काढले.

भिंत घासून नवा चुना दिला. बोटावरचा आकडा थोडा वर आला. पूर्वीइतका आला नाही. डॉक्टर म्हणाले, हे घडलं नसतं तरी यंदाचा उन्हाळा तिला अवघडच होता. ते मला धीर देत होते की खरं सांगत होते, याचा मी निवाडा करू शकत नाही. दोन्ही असू शकतं. जे गेलं ते कशामुळे किती गेलं, याची फोड करता येत नाही, आणि फोड न करता येणाऱ्या गोष्टीसमोर मला फार असहाय वाटतं.

ऑर्किडची पानं एकेक करून पिवळी पडली आणि देठातून निखळली. मंगलनं ब्लेड मागून घेतलं, कुजलेला गाभा स्वतः कोरून काढला आणि कूज पसरू नये म्हणून जखमेवर दालचिनीची पूड दाबली. त्यानंतर कितीतरी वेळ खोलीला मसाल्याच्या डब्यासारखा वास येत राहिला. या झाडाला वाढीचं टोक एकच असतं. ते गेलं की वर काही येत नाही. क्वचित बुडातून एखादा कोंब फुटतो, असं प्रज्ञा म्हणाली. क्वचित म्हणजे किती, हे मी तिला विचारलं नाही. मला सवय आहे विचारायची, तरीही.

आता कुंडीत एक खुंट आहे आणि भोवती मुळांचा पसारा. मंगल त्याला पाणी घालतच राहिली. मी एकदा म्हणालो, यातून काही येईल असं वाटत नाही. मी तिच्याशी कधी खोटं बोललेलो नाही आणि या वयात ते नव्यानं शिकणं मला जमणार नाही. तिनं मान हलवली. "तुमी कवा काय येतंय म्हणून सगळं केलंय का?" एवढंच बोलून तिला दम लागला आणि पुढचं राहिलं. तिला काय म्हणायचं होतं ते मी पुष्कळदा मनात पुरं करून पाहिलं आहे. दरवेळी ते वेगळं होतं.

परवा सकाळी वाटी तिच्या हातात ठरेना. पाणी चादरीवर सांडलं. मी पुसायला गेलो तर तिनं फडकं बाजूला सारलं आणि वाटी माझ्याकडे दिली. "धरा. मी सांगती." उन्हं अजून कोवळी होती, समोरच्या भिंतीवरून सरकत कुंडीपर्यंत आलेली. मी पाणी घालू लागलो; कारखान्यातल्या फरशीवर मारतात तसं, एकदम. ती म्हणाली, "हळू. कडंकडंनं. मधी न्हाय." मी कडेनं घातलं. "थांबा. आता बगा." मी पाहिलं. "आता परत, थोडं." तिचा हात माझ्या मनगटावर होता, त्यात जोर नव्हता, पण किती वाकवायचं ते त्याला नेमकं माहीत होतं.

पाणी सालींतून झिरपत खालच्या ताटलीत थेंबाथेंबानं उतरलं. मंगलनं उशीवर डोकं टेकलं. "उद्याच्याला पण असंच घाला," ती म्हणाली, "मी बगती." मी ताटलीतलं पाणी ओतून दिलं आणि रिकामी वाटी तिवईवर तिच्या हाताशी ठेवली.