बोरिवलीचं दुकान का उघडलं

मंडळी, आज दुपारी आम्ही आमचं बोरिवलीचं औषधांचं दुकान कायमचं बंद केलं. आमच्या चार दुकानांतलं हे शेवटचं. ते मुळात का उघडलं, हे बाबांनी मला आजच सांगितलं.

ऐंशीच्या दशकात बाबा घाटकोपरचं दुकान बघायचे, थोरले काका मुलुंडचं आणि धाकटे अंधेरीचं. एका दुपारी बाबांकडे हिरव्या लुगड्यातली बाई आली.

"पोरीला दमा आहे. बोरिवलीत औषधच मिळत नाही ओ."

बाबा औषध घेऊन वळले, तर बाई गायब.

संध्याकाळी घरी हे सांगितल्यावर धाकटे काका म्हणाले, "अरे, ती माझ्याकडे पण आली होती. त्याच वेळी." थोरल्या काकांनीही तेच सांगितलं. मुलुंडलाही आली होती.

ती येतच राहिली. शेवटी तिघांनी बोरिवलीत जागा शोधली. बोलणी करायला मालकाच्या घरी गेले, तर भिंतीवर हार घातलेला तिचाच फोटो!

"माझी बायको. पोरीचं औषध शोधायला गेली आणि ट्रकखाली आली."

"पोरगी कुठंय?" बाबांनी विचारलं.

"आत झोपलीय. आज पण धाप लागलीय तिला."

त्याच दिवशी बाबांनी औषध आणून दिलं. पोरगी सावरली, मोठी झाली, लग्न होऊन गेली. बाई पुन्हा कधी दिसली नाही.

आज कुलूप लावून बाबा माझ्याकडे वळले. "बंद केलेलं चालेल ना गं तिला?"

मी पटकन "हो" म्हटलं. तुम्ही काय म्हणाला असता?