उमेदवाराचे थोरले भाऊ

बंदोबस्त कुठल्याही पक्षाच्या सभेचा असो, म्हात्रे हवालदार व्यासपीठाकडे पाठ करून उभे राहायचे. टाळ्या पडल्या तरी मान वळायची नाही. मांडवातला चहासुद्धा घ्यायचे नाहीत. मी भिवंडीत नव्यानं शिपाई म्हणून रुजू झाले, तेव्हा एका सभेत वक्त्याच्या विनोदावर खळखळून हसले. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाय, भाषण ऐकायचं असंल तं सुट्टी टाक. वर्दीत असताना आपल्याला कुनाचं पटत न्हाय आन कुनाचं खटकत न्हाय."

ते मूळचे काल्हेरचे. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या नामदेवला त्यांनीच वाढवलं. "त्याला सायकल मी शिकवली, म्हनून तो अजून वाकडी चालवतो," असं कौतुकानं सांगायचे. पुढे नामदेव राजकारणात गेला आणि निवडणुकीला उभा राहिला. प्रचारफेरीचा बंदोबस्त नेमका म्हात्र्यांच्या वाट्याला आला. "भाऊ उभा हाय, मला दुसरीकडं टाका," असं त्यांनी साहेबांना सांगून पाहिलं. माणसं कमी होती. साहेब नाही म्हणाले.

त्या दिवशी गोदामांच्या रस्त्यावर मी त्यांच्या शेजारीच होते. फेरीमुळे ट्रक खोळंबले होते. भाऊ दिसताच नामदेवनं उघड्या जीपमधून उडी मारली, वाकून पाया पडला आणि पक्षाचं उपरणं त्यांच्या गळ्यात घातलं. भोवती मोबाईल वर झाले. म्हात्र्यांनी उपरणं काढलं, घडी करून त्याच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उमेदवार साहेब, पुढं चला. रस्ता मोकळा करा."

"दादा, मी पाया पडलो रं," नामदेव एवढंच बोलला.

तो निवडणूक हरला. सख्ख्या भावानं झिडकारलं, मग गावानं का मत द्यावं, असं लोक बोलले. त्या वर्षापासून दोघांचे गणपती वेगळे बसू लागले. म्हात्रे निवृत्त झाले, तरी नामदेव भेटायला आला नाही. आणि मागच्या वर्षी तो हृदयविकारानं अचानक गेला.

तेराव्याला मी काल्हेरला गेले. म्हात्रे नामदेवच्या अंगणात एकटेच बसले होते. "तुम्ही तेव्हा नियमानंच वागलात," मी म्हणाले.

"उपरनं काढलं त्याचं वाईट न्हाय वाटत, बाय. आजबी काढीन," ते म्हणाले. "पन त्याला साहेब कशाला बोललो मी? नामदेव बोलून, खांद्यावर हात ठेवून सांगितलं असतं, तरी तो ऐकला असता. तेवढं कुठला नियम अडवीत होता?"

आतून भावजयीची हाक आली, "दादा, पानं वाढलीत."

ते उठायला गेले, पण त्या उंबऱ्याकडे त्यांचं पाऊल उचललं नाही. परत खाली बसले.