जेवणाआधी दोन वाक्यं

आमच्या घरात भांडणं होत नाहीत, प्रार्थना होतात.

मुलीने मोबाइल फार बघितला, तर मी घरच्या प्रार्थनेत म्हणतो, "प्रभू, या घरातल्या काही जणांचे डोळे सांभाळ." लगेच आमची ही, म्हणजे सरोज, "आणि काही जणांची जीभ" अशी जोड देते. डोळे मिटून देवाशी बोलणाऱ्याला मधेच टोकता येत नाही, ही सोय मी तीस वर्षं मनसोक्त वापरली. (चर्चमध्ये मी प्रार्थनेला उभा राहिलो, की अनुभवी मंडळी आधी टेकून घेतात.)

गेल्या वर्षी आमच्या प्रिस्काचं लग्न ठरवायला नगरहून मंडळी आली. मुलगा आशिष हिंजवडीत तिच्याच कंपनीत. दोघांचं जमलेलंच होतं, फक्त मोठ्यांनी होकार द्यायचा होता. सरोजने बजावलं, "अहो, जेवणाआधी दोन वाक्यं. अन्नासाठी आभार, आमेन. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

मी दोन वाक्यं म्हटली. पण तासाभरापूर्वीच आशिषच्या वडिलांनी परस्पर जाहीर केलं होतं, की लग्न नगरच्या त्यांच्या चर्चमध्ये होईल. तेव्हा मी नुसता हसलो होतो. आता डोळे मिटलेले, हात जोडलेले, संधी चालून आलेली!

"पित्या, लग्न मुलीच्या चर्चमध्ये व्हावं, ही रीत तूच घालून दिलीस." (बायबलमध्ये असं कुठेही नाही. पण डोळे मिटून शोधणार कोण?) "ज्यांना हे उमगत नाही, त्यांना सुबुद्धी दे. आमेन."

सगळ्यांचे हात बिर्याणीकडे वळले. तोच समोरून भरदार आवाज आला, "कृपाळू प्रभू!" व्याही माझ्यापेक्षाही मुरलेले निघाले. "पुण्याच्या लोकांना नम्रता दे. त्यांच्या चर्चपाशी गाडी लावायला जागा नाही, हे तू पाहतोसच."

मी नगरच्या उन्हाची आठवण देवाला करून दिली. त्यांनी त्यांच्या हॉलमधल्या पंख्यांबद्दल त्याचे आभार मानले. बिर्याणी गार होत चालली आणि मला चेव चढला.

"आणि प्रभू, चि. आशिष दर रविवारी उपासनेच्या वेळी अंथरुणात असतो. त्याला तेवढं उठव."

हे प्रिस्काने मला विश्वासाने सांगितलं होतं. आशिषच्या आईला मात्र तो दर रविवारी फोनवर उपदेशाचा सारांश ऐकवत असे.

त्या माउलीने प्रार्थना चालू असताना डोळे उघडले. आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "देवाजवळ चहाड्या करणाऱ्या घरात मी सोयरीक करायची?" असं म्हणून त्या पर्स उचलून उभ्या राहिल्या. व्याहीही उठले.

तेवढ्यात प्रिस्काने हात जोडले.

"प्रभू, बाबांना क्षमा कर. ते तुझ्याशी बोलतच नव्हते. आशिषला रविवारी मी उठवीन. आमेन."

मग आशिषच्या आई "आमेन" म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मला अतिशय लाज वाटली. पोरीला तीन-चार वाक्यांत जे जमलं, ते मला तीस वर्षांत जमलं नव्हतं.

लग्न नगरलाच झालं. पंखे खरोखरच चांगले होते. कार्यक्रमपत्रिकेत व्याह्यांनी माझा मान राखला होता: 'प्रार्थना: वधूचे वडील (मनातल्या मनात).'

तीही लांबली, असं सरोज म्हणते.