चौदाव्या दिवसाच्या बाटल्या

"म्हाताऱ्यानं टपरीवर गाडी लावली असन. हा सावलीत चहा पिऊन राहिला, अन् तिकडे डब्यात जंतू शिजून राहिले!"

बाहेरच्या टेबलावरून हे वाक्य आलं आणि त्यामागून दोघा सहकाऱ्यांचं हसणं. मी आतल्या लहान खोलीत इन्क्युबेटरचं दार उघडून उभी होते. हातात चौदाव्या दिवसाची बाटली होती. ती जागेवर ठेवली, दार लावलं, आणि बाहेर जायला जितका वेळ लावता येईल तितका लावला.

शहराच्या कडेला, बेसाकडच्या त्या खासगी प्रयोगशाळेत मी नोकरीला लागून सात-आठ महिने झाले होते. लादी पुसायच्या एका द्रावणात फेस आणणारं रसायन आमच्याकडे तपासायला आलं होतं. नाल्यात गेल्यावर ते किती लवकर विघटित होतं, हे पाहायचं होतं. पद्धत ऐकायला सोपी आहे. स्वच्छ पाण्यात ते रसायन अगदी थोडं घालायचं, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या पाण्याचे काही थेंब घालायचे, बाटल्या गच्च बंद करून अंधारात वीस अंशांवर अठ्ठावीस दिवस ठेवायच्या. थेंबांतल्या जंतूंनी रसायन खाल्लं, तर बाटलीतला ऑक्सिजन कमी होतो. तो आपण मोजायचा. सोबत काही बाटल्यांत जंतूंना हमखास आवडणारा एक साधा क्षार घालून ठेवतात. चौदाव्या दिवसापर्यंत तोही खाल्ला गेला नाही, तर जंतूच दुबळे होते असं धरायचं आणि सगळी चाचणी रद्द.

त्या दिवशी क्षाराच्या बाटल्यांतला ऑक्सिजन जवळजवळ जसाच्या तसा होता.

जंतूंचं पाणी काका आणत. वय साठीच्या आसपास, राहायला सक्करदऱ्याला, प्रयोगशाळेत मदतनीस, तेही वर्षावर्षाच्या करारावर. सकाळी केंद्रावर जाऊन डबा भरायचा, झाकण थोडं सैल ठेवायचं, भोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि स्कूटरवर पायांमध्ये धरून आणायचा. गोणपाटाची कल्पना त्यांचीच. आल्यावर स्वतःच्या डोक्याचा दुपट्टा सोडायच्या आधी ते डबा सोडत. इन्क्युबेटरकडे पाहून म्हणत, "याइले एसी, अन् आपल्याले कूलर. पुढल्या जन्मी जंतूच होतो गा मी." माझ्याशी बोलणारे ते एकटेच होते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मुळात कमी बोलणारी. बाकीच्यांना ती शिष्टपणाची लक्षणं वाटत. काका मात्र दुपारी माझा जेवणाचा डबा पाहून विचारत, "काहून वं बाई, आज बी भाजी तशीच ठेवली?"

आणलेलं पाणी लगेच वापरत नाहीत. चार-पाच दिवस त्यात हवा सोडत ठेवतात. त्यासाठी आमच्याकडे माशांच्या टाकीला लावतात तसला एक पंप होता. तो दिवसभर घुर्रघुर्र करायचा. रोज दोनदा पाहून रजिस्टरात 'हवा सुरू' या रकान्यात बरोबरची खूण आणि सही करायची. हे काम माझ्याकडे होतं.

दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी दुपारी मला पुण्याच्या एका कंपनीचा मुलाखतीचा फोन येणार होता. बाकी सगळे गेले होते. फोनवर बोलायचं म्हटलं की माझा आवाज आधीच बारीक होतो, त्यात ती घुरघुर. मी पंपाचा प्लग काढला. मुलाखत वाईट झाली. दोन प्रश्नांना मी नुसतीच गप्प राहिले. फोन ठेवल्यावर पिशवी उचलली आणि तडक घरी गेले. प्लग तसाच लोंबत राहिला.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोहोचले. खोलीत सडका वास होता. मी प्लग लावला, खिडकी उघडली. दुपारपर्यंत वास गेला. ते पाणी फेकून काकांना नवं आणायला सांगता आलं असतं. पण का फेकलं, हे सांगावं लागलं असतं. मला वाटलं, हवा मिळाली की जंतू सावरतील, आणि त्याच संध्याकाळी मी तेच पाणी बाटल्यांत घातलं. मग रजिस्टर काढलं आणि शनिवार संध्याकाळच्या रिकाम्या चौकटीत खूण केली. सही केली. रविवारच्या दोन चौकटींतही केली. रविवारी मी आले होते की नाही, हे कुणी विचारणार नव्हतं.

आता प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर तेच रजिस्टर हातात घेऊन बाहेर आले. एकेका खुणेवरून बोट फिरवत म्हणाले, इथे तर हवा एकदाही बंद नाही, मग दोष आणण्यातच आहे. मी टेबलाच्या या बाजूला होते. माझ्या खुणा किती नीटनेटक्या होत्या, ते मला उलट्या बाजूनंही दिसत होतं.

काकांना बोलावलं.

"मी कुठीच थांबलो नाही सर," काका म्हणाले. "गोणपाट ओलं होतं. या बाईनंच हात लावून पाह्यलं होतं."

"रस्त्यात चहा घेतला असेल," सर म्हणाले.

"त्या दिवशी नाही घेतला." काका म्हणाले. मग आवाज खाली आला. "सिग्नलवर उभा होतो, गाडी बंद पडली होती. पाचेक मिनिटं असन. तेवढ्यानं बी मरतात का सर?"

सर रजिस्टराचं पान उलटत होते. मघाशी हसणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना काका, वय झालं आता."

"हाव," काका म्हणाले. "माझंच चुकलं असन मग."

सर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, केबिनमध्ये ये, चाचणी रद्द झाल्याची नोंद तू लिही, कारण वाहतुकीतला निष्काळजीपणा. काकांचा करार या महिन्यात संपतो आहे, तो वाढवायचा नाही. हे सगळं काकांच्या समोर, त्यांना कळणार नाही अशा वेगात. काका आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होते, डॉक्टर नातेवाईकांशी बोलतो तेव्हा पेशंट पाहतो तसे.

मी केबिनच्या दारापर्यंत गेले. आत जाऊन सांगणं सोपं होतं. इंग्रजीत, दार लावून, फक्त सरांना. वाक्यं तयारही होती. चौदा दिवस रोज स्कूटीवर घरी जाताना मी ती जुळवत होते. सर कदाचित चिडून गप्प बसले असते, नोंदीत काहीतरी गुळमुळीत लिहिलं गेलं असतं. काकांचा करार वाढला असता. आणि त्या पाच मिनिटांनी जंतू मारले, असं काका पुढेही समजत राहिले असते. ते दोघे चहाच्या वेळी तो विनोद पुन्हा सांगत राहिले असते.

काका खाली वाकून रिकाम्या डब्यावरचं गोणपाट सोडत होते. बहुतेक धुवायला नेणार होते.

मी दारातून परत फिरले. मुलाखतीला गेला होता तसाच आवाज जाईल अशी भीती वाटली, म्हणून जरा मोठ्यानंच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, मराठीत.

"काका, पाणी तुम्ही चांगलंच आणलं होतं. पंप मी बंद केला होता, शनिवारी दुपारी, आणि सोमवार सकाळपर्यंत तो बंदच होता. त्या खुणा मी नंतर केल्या आहेत."