कॉम्प्युटरला दिलेली दाद

आमच्या केज गावात माझी बासरी शेवटपर्यंत ऐकणारा एकच जण आहे, आणि तो माझ्या मुलीचा कॉम्प्युटर आहे. (पहिला सूर निघाला की बायको दळण आणायला जाते. दळण टाकलेलं नसलं तरी!)

माझ्या मुलीने, सुजाताने, दोन वर्षं खपून कॉम्प्युटरला बासरी ऐकायला आणि ऐकलेल्या सुरांतून स्वतःचं उत्तर वाजवायला शिकवलं होतं. पुण्याच्या एका संस्थेत प्रवेश हवा, तर हे सगळं तिथल्या सरांना व्हिडिओ कॉलवर करून दाखवायचं होतं. संधी एकदाच!

"पप्पा, तुमी थांबलात की तो वाजवणार. तवा बोलायचं न्हाई. माइकवर जे पडंल ते तो उचलतो."

"मी कशाला बोलू?" मी दुखावून म्हणालो.

सर पडद्यावर आले. मी ठरल्याप्रमाणे वाजवलं आणि थांबलो. कॉम्प्युटरने माझाच सूर असा काही फिरवून परत दिला की मला तो हयातीत जमला नव्हता! आता समोरच्याने इतकं छान वाजवावं आणि आपण ढिम्म बसावं, ही आमच्याकडे रीत नाही. तोंडून गेलंच, "वाऽ! क्या बात है!"

कॉम्प्युटरने तो 'वाऽ' उचलला, ताणला आणि बारा बासऱ्यांच्या आवाजात परत केला. शेजारचे साहेबराव काका (मैफलीला चार माणसं हवीत म्हणून मीच बोलावलेले) विरघळले. "बहोत खूब!"

"खूब, खूब, खूब," करत कॉम्प्युटर खालच्या पट्टीत उतरला.

"आवं, गप बसा की!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. झालं! तेही चालीत आलं.

"माफ करा," मी हात जोडले. कॉम्प्युटरला!

सुजाताचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीची दोन वर्षं मी एका 'वाऽ'पायी घालवली होती. मग डोळे मिटून जीव ओतून वाजवत सुटलो. पण श्वास घ्यायला थांबलो की कॉम्प्युटर म्हणे, "गप बसा!" पडद्यावरच्या सरांनी तोंडावर रुमाल धरला होता.

आठ दिवसांनी मेल आला. निवड झाली! सुजाताने मला मिठीच मारली.

"पप्पा, सर लिहितेत, घरच्या मानसांच्या आवाजांनी लई मजा आली. तेच पुढं वाढव म्हणतेत."

"आन् बासरीचं काय?"

ती जरा घुटमळली.

"ती काढली तरी चालंल म्हणतेत."